दोन आडबाजूच्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: कुठला आकडा धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दोन लहान, मुख्य मार्गापासून दूर असलेल्या विमानतळांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ शोधतोय. एका संकेतस्थळावर अर्धा तास दिसतो, विमान कंपनीच्या वेळापत्रकात सव्वा तास, आणि तिकीट काढायला गेलं की साडेसहा तास. अंतराचे आकडेही प्रत्येक ठिकाणी वेगळे. यातलं खरं कुठलं?"

मी प्रादेशिक विमानसेवेच्या उड्डाण नियोजन कक्षात डिस्पॅचर म्हणून काम करते. फ्लाइट प्लॅन बनवणं, इंधन ठरवणं आणि विमान वेळेत पोचेल का यावर नजर ठेवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे सुरुवातीलाच सांगते: तुम्हाला दिसलेले तिन्ही आकडे बरोबर असू शकतात. पहिला आकडा फक्त गणिताचा आहे, दुसरा विमानाचा आहे आणि तिसरा प्रवाशाचा. तुम्ही अंतर विचारलंय, पण बहुधा तुम्हाला हवं आहे ते हे: घरातून कधी निघू, तिकडे कधी पोचेन, आणि त्या वेळेवर कितपत विसंबून राहू? मोठ्या शहरांमध्ये हे प्रश्न एकमेकांच्या जवळ येतात. लहान विमानतळांच्या बाबतीत ते फार लांब जातात.

तुम्ही विमानतळांची नावं दिली नाहीत, म्हणून मी एक खरी जोडी घेते: उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो आणि रशियाच्या सीमेजवळचं किर्केनेस. दोन्ही जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, 69.7 अंश उत्तर. रेखांशातला फरक सुमारे 11 अंश. विषुववृत्तावर 11 अंश म्हणजे बाराशे किलोमीटरच्या वर. पण ध्रुवाकडे जाताना रेखांश जवळ येत जातात, आणि इतक्या उत्तरेला एका अंशाचे जेमतेम 38 किलोमीटर उरतात. पृथ्वी गोल धरून, 6,371 किलोमीटर त्रिज्येने हिशोब केला की अंतर येतं सुमारे 423 किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे हे लक्षात घेणारं सूत्र वापरलं तर एक-दोन किलोमीटरचा फरक पडतो. नेहमीच्या सपाट नकाशावर मात्र हीच जोडी प्रत्यक्षाच्या जवळपास तिप्पट लांब दिसते. त्यामुळे नकाशावर पट्टी ठेवून अंदाज बांधू नका, विशेषतः उत्तरेकडच्या किंवा दक्षिणेकडच्या टोकाच्या ठिकाणांसाठी.

अंतराचे आकडे जुळत नाहीत त्याची कारणं एरवी साधी असतात. काही संकेतस्थळं विमानतळ ते विमानतळ मोजतात, काही गावाच्या मध्यापासून गावाच्या मध्यापर्यंत, आणि लहान गावांचा विमानतळ कधी कधी दहा-पंधरा किलोमीटर बाहेर असतो. दुसरं कारण मैलाचं. विमानवाहतुकीत नॉटिकल मैल चालतो, तो 1.852 किलोमीटरचा. रस्त्याचा मैल 1.609 किलोमीटरचा. आपली 423 किलोमीटरची जोडी एका मापाने 228 मैल आहे आणि दुसऱ्या मापाने 263, आणि दोन्हीकडे नुसतं 'मैल' असं लिहिलेलं सापडतं. तेव्हा किलोमीटरमधला आकडा घ्या, विमानतळाच्या तीन अक्षरी कोडने शोधा, म्हणजे सारख्या नावाच्या दुसऱ्या गावाचा घोळही टळेल. अंतराचा प्रश्न इथे संपतो. तो सगळ्यात सोपा भाग आहे, आणि तुमच्या नियोजनात सगळ्यात कमी उपयोगाचा.

आता तो अर्धा तास. बहुतेक अंतर-गणकं अंतराला ताशी 800 किलोमीटर किंवा त्याच्या आसपासच्या वेगाने भागतात. 423 भागिले 800, म्हणजे 32 मिनिटं. काही गणकं त्यात उड्डाण आणि उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवतात. 800 हा जेट विमानाचा उंचावरचा वेग आहे. आडबाजूच्या विमानतळांवर जेट बऱ्याचदा येतच नाही, कारण धावपट्टी पुरत नाही किंवा तेवढे प्रवासी नसतात. नॉर्वेच्या फिनमार्क किनाऱ्यावर मेहाम्न, बर्लेवॉग, बोट्सफ्योर्ड अशी विमानतळं आहेत. तिथल्या धावपट्ट्या साधारण 800 ते 1,000 मीटरच्या. तिथे डॅश 8 सारखी पंख्याची विमानंच उतरतात. म्हणून मी पहिला प्रश्न विमान कुठलं हा विचारते. एटीआर 72 असेल तर समतल उड्डाणाचा, म्हणजे चढून झाल्यावर सरळ जातानाचा, वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास. जुनं, छोटं डॅश 8 असेल तर 490 धरा; त्याचाच लांब भाऊ क्यू400 मात्र साडेसहाशेच्या पुढे जातो. ट्विन ऑटर असेल तर 300. सिंगल इंजिनचं कॅरॅव्हॅन थोडं त्याहून वेगवान, 340 पर्यंत. एकाच मार्गावर विमान बदललं की वेळ दुप्पट होऊ शकतो, अंतर तेच राहून.

आणि हा समतल वेगही पूर्ण वाटभर मिळत नाही. एटीआर चढताना साधारण 170 नॉट दाखवतं, म्हणजे ताशी 315 किलोमीटर. उंची वाढेल तसा खरा वेग थोडा वाढतो, पण चढाईची पंधरा-वीस मिनिटं विमान त्याच्या पूर्ण वेगाने जात नसतं. उतरतानाही शेवटचा टप्पा हळूच असतो. म्हणून छोट्या अंतरावर जेटचा फायदा वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. दोनशे किलोमीटरच्या मार्गावर जेट आणि एटीआर यांच्यात फरक पडला तर दहा-बारा मिनिटांचा.

माझा ढोबळ हिशोब असा आहे: पंख्याच्या विमानासाठी अंतर भागिले समतल वेग, आणि त्यात पंधरा ते वीस मिनिटं. ट्रॉम्सो-किर्केनेस थेट गेलं तर 490 ने भागून 52 मिनिटं, वर पंधरा-वीस, म्हणजे सव्वा तासाच्या आत-बाहेर. वेळापत्रकात तुम्हाला दिसतो तो साधारण असाच आकडा. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो: विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंत. हवेतला वेळ यापेक्षा कमी असतो. मोठ्या विमानतळावर नुसत्या टॅक्सीला, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत चालत जायला, वीस मिनिटं जातात; लहान ठिकाणी तीन-चार पुरतात. पण लहान ठिकाणचीही स्वतःची गंमत आहे. पुष्कळ जागी धावपट्टीला समांतर टॅक्सी-वे नसतो. विमान उतरल्यावर धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळतं आणि त्याच धावपट्टीवरून मागे येतं. तेवढा वेळ दुसरं विमान उतरू शकत नाही. ते वर घिरट्या घालत थांबतं.

या सगळ्यात प्रवाशांना सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे उतरण्याची पद्धत. रडार असेल तर नियंत्रक विमानाला थेट धावपट्टीच्या रेषेवर आणून सोडतो. रडार नसलेल्या विमानतळावर ढग खाली असले की वैमानिकाला ठरलेली प्रक्रिया पूर्ण उडावी लागते: आधी विमानतळावरच्या दिशादर्शक केंद्राच्या डोक्यावर यायचं, तिथून दूर जायचं, वळायचं, आणि मग धावपट्टीच्या रेषेत परत यायचं. यात आठ-दहा मिनिटं सहज जातात. तुम्ही खिडकीतून गाव पाहता, विमान ते ओलांडून पुढे निघून जातं, आणि प्रवाशांना वाटतं उतरणं रद्द झालं. तसं नसतं. मोकळं आकाश असेल तर तोच वैमानिक डोळ्यांनी पाहून सरळ उतरतो आणि दहा मिनिटं आधी पोचतो. एकच मार्ग, एकच विमान, एकाच आठवड्यात इतका फरक पडतो, आणि तो कुठल्याही गणकात सापडत नाही.

वाऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे एक गैरसमज कायम आढळतो. लोक म्हणतात, जाताना वारा समोरून लागला तर येताना मागून मिळेल, एकूण हिशोब सारखाच. तो सारखा होत नाही. आपल्या 423 किलोमीटरवर ताशी 90 किलोमीटरचा वारा धरा. समोरून लागला तर विमानाचा 490 चा वेग जमिनीच्या तुलनेत 400 होतो आणि समतल हिशोबाने 63 मिनिटं लागतात. मागून मिळाला तर वेग 580, वेळ 44 मिनिटं. दोन्ही मिळून 107. वारा नसता तर 104. हळू जाण्याच्या दिशेला विमान जास्त वेळ वाऱ्यात राहतं, म्हणून जाऊन-येऊन वारा नेहमी तोट्याचाच. विमान जितकं हळू, तितका हा तोटा मोठा; ट्विन ऑटरला 90 किलोमीटरचा वारा जाणवतो तसा जेटला जाणवत नाही. दुसऱ्या बाजूला, पंख्याची विमानं कमी उंचीवर उडतात. एटीआरची कमाल उंची 25,000 फूट. जेट प्रवाहाचे, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्याचे, जोरकस वारे त्याच्या वर असतात, त्यामुळे त्यांचा तडाखा त्याला क्वचित बसतो. म्हणून तुमचा महिना आणि दिशा कळल्याशिवाय मी मिनिटांमध्ये उत्तर देत नाही.

मार्गही सरळ नसतो. ठरलेले हवाई मार्ग, लष्करी क्षेत्रं, डोंगर, आणि एक इंजिन बंद पडलं तर विमान किती उंची टिकवू शकेल याचा विचार, या सगळ्यामुळे प्रत्यक्ष उडालेलं अंतर सरळ रेषेपेक्षा जास्त भरतं. सपाट मुलखात फरक थोडा असतो. डोंगराळ भागात तो इतका वाढू शकतो की सरळ अंतराचा उल्लेखच निरर्थक व्हावा.

आता तिसरा आकडा, साडेसहा तासांचा. माझ्या मते तुमच्या कामाचा हाच आहे. दोन आडबाजूच्या विमानतळांमध्ये थेट विमान असणं हा अपवाद. दोन्ही ठिकाणांहून विमानं जातात ती एखाद्या मोठ्या केंद्राला. समजा दोन गावं एकमेकांपासून 250 किलोमीटरवर आहेत आणि दोघांचं केंद्र 600 किलोमीटरवर. तुम्ही 1,200 किलोमीटर उडता, वर मधल्या विमानाची वाट पाहता. वाट पाहण्याचा हा वेळ उडण्याच्या वेळापेक्षा जास्त असणं अगदी नेहमीचं आहे.

थेट दिसणारं विमानही कधी कधी मध्ये थांबत जातं. प्रशांत महासागरात होनोलुलू ते ग्वाम हे अंतर सुमारे 6,100 किलोमीटर, थेट विमानाला आठ तासांच्या आसपास लागतात. याच दोन टोकांमध्ये युनायटेड या अमेरिकन विमान कंपनीची बेटं जोडत जाणारी सेवा आहे: माजुरो, क्वाजलेन, कोसराए, पोनपेई, चूक. तिला चौदा-पंधरा तास लागतात. त्या बेटांवरच्या लोकांसाठी हेच विमान औषध, टपाल, नातेवाईक सगळं आणतं. त्याने थांबावं हीच त्यांची गरज आहे. लहान विमानांच्या मार्गावर मी एका थांब्यामागे अर्धा ते पाऊण तास जादा धरते: उतरणं, प्रवासी बदलणं आणि पुन्हा चढणं.

वेळापत्रकातून वेळ काढताना तारीख आणि स्थानिक वेळही पाहा. सामोआतलं अपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो यांच्या विमानतळांमध्ये साधारण 150 किलोमीटर आहेत. पण 2011 च्या डिसेंबरअखेरीस सामोआने आपली बाजू बदलली, 30 डिसेंबर हा दिवस कॅलेंडरमधून गाळला आणि आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पश्चिमेला गेलं. आता दोन्हीकडे घड्याळ सारखं दिसतं आणि तारखेत एका दिवसाचा फरक असतो. अपियाहून निघालेला माणूस पागो पागोला आदल्या दिवशी उतरतो. सुटण्याची वेळ पोचण्याच्या वेळेतून वजा करून 'उड्डाणाचा वेळ' काढणारे इथे फसतात. टाइम झोन बदलणाऱ्या कुठल्याही मार्गावर हेच घडतं, फक्त इतकं ठळकपणे नाही.

विमानतळाची जागाच वेळ ठरवते, याची दोन उदाहरणं मला फार महत्त्वाची वाटतात. काठमांडू ते लुक्ला सरळ अंतर सुमारे 135 किलोमीटर, उड्डाण अर्ध्या तासाचं. लुक्लाची धावपट्टी 527 मीटरची आणि चढाची, दुपारी वारा आणि ढग येतात, म्हणून सगळी धावपळ सकाळची. गर्दीच्या हंगामात काठमांडूवरचा ताण टाळण्यासाठी बरीच उड्डाणं मंथली इथल्या रामेछाप विमानतळावरून होतात. तिथून लुक्ला जेमतेम 75 किलोमीटर, पंधरा-वीस मिनिटं. गणक म्हणेल प्रवास निम्मा झाला. पण काठमांडूहून मंथलीला जायला रस्त्याने चार-पाच तास, आणि सकाळचं विमान गाठायचं तर मध्यरात्रीनंतर निघावं लागतं.

दुसरं उदाहरण दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटाचं. जोहान्सबर्गपासून अंतर सुमारे 3,700 किलोमीटर. नियमित विमानसेवा ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झाली. जाताना विमान नामिबियात इंधनासाठी थांबतं. येताना थेट येतं. कारण असं की धावपट्टीजवळचा वारा अवघड आहे, आणि उतरता आलं नाही तर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत परत येण्याइतकं इंधन टाकीत असावंच लागतं. त्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा वेळ तासाहून जास्त वेगळा पडतो. समोर पर्यायी विमानतळ नसला की इंधनाचा हिशोब सगळं ठरवतो. लहान प्रमाणात हेच इतरत्र रोज होतं: ज्या विमानतळावर इंधन मिळत नाही तिथे आम्ही परतीचं इंधन आधीच भरून नेतो, वजन वाढतं, आणि मग काही प्रवाशांच्या बॅगा मागून येतात. महत्त्वाचं सामान हातातल्या पिशवीत ठेवा असं मी प्रत्येकाला सांगते ते यासाठी.

उंचीवरच्या ठिकाणी उष्णतेचाही प्रश्न येतो. लेहचा विमानतळ 10,682 फुटांवर आहे. तिथली हवा मुळातच विरळ. दुपारी तापली की आणखी विरळ होते आणि विमान तेवढं वजन घेऊन उडू शकत नाही, शिवाय दुपारचे वारे. म्हणून तिथलं काम मुख्यतः सकाळी उरकतं. आणि बॅरा या स्कॉटिश बेटावर विमानं समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतात, तेव्हा वेळापत्रक भरती-ओहोटीप्रमाणे सरकतं.

विश्वासार्हतेबद्दल आता स्पष्ट बोलते, कारण तुमचा निर्णय यावरच ठरायला हवा. प्रादेशिक सेवेतलं एक विमान दिवसभरात सहा-आठ छोटी उड्डाणं करतं. दोन उड्डाणांच्या मध्ये वीस-पंचवीस मिनिटं असतात. सकाळी कुठे चाळीस मिनिटं उशीर झाला की तो संध्याकाळपर्यंत पूर्ण भरून निघत नाही. त्यात लहान विमानतळ ठराविक वेळेतच चालू असतात, काही ठिकाणी रात्री उतरण्याची सोय नसते, आणि वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असते. या तीनपैकी एक मर्यादा ओलांडली की उशीर हा उशीर राहत नाही, उड्डाण रद्द होतं. दिवसाच्या शेवटच्या विमानाला हा धोका सर्वांत जास्त. म्हणून मी शक्यतो सकाळचं विमान सुचवते. याला अपवाद आहे धुक्याच्या खोऱ्यांचा: तिथे पहिलं विमान अडकतं आणि दुसरं वेळेवर जातं. तुमचं ठिकाण यातलं कुठलं, हे तिथली मागची प्रत्यक्ष उड्डाणं पाहून कळतं.

हे पाहणं अवघड नाही. फ्लाइटरडार24 किंवा फ्लाइटअवेअरवर उड्डाणाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांच्या प्रत्यक्ष वेळा मिळतात. सरासरी काढत बसू नका; त्यातला वाईट दिवस पाहा आणि किती वेळा रद्द झालं ते मोजा. एक सावधगिरी: दुर्गम भागात विमानाचे सिग्नल पकडणारे जमिनीवरचे रिसीव्हर कमी असतात, त्यामुळे विमान खाली येताना नकाशावरून नाहीसं होतं आणि उतरण्याची वेळ कधी कधी अंदाजाने लिहिलेली असते. तिथे पाच-दहा मिनिटांच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही.

वेळापत्रकात आठवड्याचे दिवसही बघा. रोज विमान असलेल्या ठिकाणी उड्डाण चुकलं तर एक दिवस जातो. आठवड्यातून दोनदा विमान असेल तर तीन-चार दिवस जातात, आणि मग सव्वा तास की एक तास वीस मिनिटं या चर्चेला काही किंमत उरत नाही. तिकीट दोन वेगळ्या कंपन्यांचं वेगवेगळं काढलं असेल तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यास जबाबदारी तुमच्यावर येते. एकाच आरक्षणात दोन्ही असतील तर पुढची सोय करणं कंपनीचं काम असतं. आडबाजूच्या प्रवासात मी थोडे जास्त पैसे देऊन एकच आरक्षण घेते.

तुमच्या जोडीचा नेमका हिशोब हवा असेल तर दोन्ही विमानतळांचे कोड, प्रवासाचा महिना, जाण्याची दिशा आणि तिकडे पोचून किती वाजता कुठे हजर व्हायचं आहे एवढं लिहा. शेवटची गोष्ट सगळ्यात जरुरीची आहे. सुट्टीला जाणाऱ्याला मी त्याच दिवसाचं विमान चालेल म्हणेन. परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा न्यायालयाची तारीख असेल तर अंतर कितीही कमी असो, आदल्या दिवशी पोचा. आणि त्या मार्गावर रोज विमान नसेल तर त्याच्याही आधीचं उड्डाण घ्या.